पुस्तकातली माणसं पोटाला काय करतात?

कादंबरीतली माणसं पोटासाठी काय करतात हे पहिल्या पन्नास पानांत कळलं नाही, की माझं लक्ष उडतं. ती प्रेमात पडू देत, आईबापाशी भांडू देत, डोंगरावर जाऊन बसू देत, माझी ना नाही. खरं, घरभाडं कोण भरतंय? दूधवाल्याचा महिना कुणी चुकता केला? एका गाजलेल्या कादंबरीचा नायक मुंबईत नुसता चालत असतो, चालता चालता विचार करतो, आणि रात्री घरी आला की ताट वाढलेलं असतं. तांदूळ कुणी आणला ह्याचा पत्ता नाही. नाव सांगत नाही, कारण ते पुस्तक आवडणारे लोक लगेच चिडतात आणि त्यातले दोघं आमच्याच घरात आहेत.

हा धंद्याचा दोष असेल. बेळगावच्या शहापुरात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, दोऱ्याची रिळं. लग्नसराई सोडली तर दुपारचं गिऱ्हाईक तुरळक असतं, तेवढ्यात माझं वाचन होतं. कुणी आलं की पुस्तक पालथं घालायचं, साडी हातात घ्यायची आणि मोरपंखी की हिरवा ह्याचा निकाल लावायचा. ट्यूबच्या उजेडात हे दोन रंग कुणाच्या बापाला ओळखू येत नाहीत. साडी आणि कापड दोन्ही घेऊन दारात उन्हात उभं राहावं लागतं, पदराचा काठ उलटा करून धाग्याशी धागा लावून बघावा लागतो, आणि एवढं करून बाई म्हणते, “उद्या नणंदेला घेऊन येतो, तवा बघू.” मग परत येऊन तीच ओळ धरायची. अशी उठबस सोसून जे पुस्तक हातातून सुटत नाही, त्याला मी चांगलं म्हणते.

पुस्तकं येतात कुठून असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सांगते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, अजून चालू आहे, आणि तिथं मराठी पुस्तकं भरपूर आहेत. शिवाय थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, लेझीम, भाषणं सगळं असतं. भाषणं मी ऐकत नाही. मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल असतात, तिथं जाते आणि पाठीमागचा मजकूर वाचून घेते. पाठीमागच्या मजकुरात ‘अस्तित्वाचा शोध’ असं असलं तर परत ठेवते.

देविदास सौदागर यांची ‘उसवण’ अशीच उचलली. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ह्या पुस्तकाला मिळाला. गोष्ट एका शिंप्याची. रेडिमेड कपडे आल्यावर गावातल्या शिंप्याचं काय होतं, एवढाच विषय. पुस्तक लहान आहे, दोन-तीन दुपारी पुरतात.

मला ह्या पुस्तकाबद्दल वाचायच्या आधी भीती वाटत होती. गरिबीवरची पुस्तकं बऱ्याचदा गरिबाला इतकं गरीब करतात की तो माणूस राहतच नाही, नुसता रडायला ठेवलेला असतो. इथं तसं नाही. मशीनवर बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो हे ज्याला माहीत आहे त्यानं लिहिलंय हे पानापानाला कळतं. शिंप्याचा धंदा एका दिवसात बसत नाही. आधी पँट जाते, मग शर्ट जातो, मग शाळेचे युनिफॉर्म दुकानदार घाऊक आणायला लागतात, आणि शेवटी हातात राहतं ते आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. आमच्या गल्लीत मी हेच बघितलंय, फक्त इथं बायकांचे ब्लाउज आहेत म्हणून शिंपी अजून तरले. तेसुद्धा आता रेडिमेड यायला लागलेत, ताणले जाणारे, कुणालाही बसणारे. त्याला अस्तर लागत नाही. म्हणजे माझ्याही पोटावर पाय.

पुस्तक वाचून झाल्यावर शेजारच्या टेलरना दिलं. साठीचे आहेत, पेपरपलीकडं वाचत नाहीत. आठवडाभरानं दुकानात आले, दोऱ्याचं रीळ घेतलं, पैसे दिले आणि जाता जाता म्हणाले, “वैनी, शेवटाला ह्यो मशीन इकतोय काय? तेवढं सांगा, म्हंजे फुडं वाचतो.”

मी म्हटलं, “तुम्हीच वाचा की.”

“वाचतो, खरं आधी सांगा.”

सांगितलं नाही. पुस्तक अजून त्यांच्याकडंच आहे, कात्रीखाली ठेवलेलं दिसतं.

एक तक्रार आहे. बाईमाणसाची बाजू ‘उसवण’मध्ये आणखी यायला हवी होती. शिंप्याच्या घरात हुक लावणं, काजं करणं, हातशिलाई ही कामं बायकोच करते. हिशेबात ती कुठं धरली जात नाही. लेखकाला हे ठाऊक नसेल असं नाही, पण त्याची नजर मशीनवर आहे.

ती कसर भरून काढली एस. एल. भैरप्पांच्या ‘गृहभंग’नं. कन्नडमध्ये ही कादंबरी १९७० सालची. मी मराठीत वाचली. भैरप्पा गेले तेव्हा, २०२५ च्या सप्टेंबरात, गिऱ्हाइकांत सुद्धा त्यांचा विषय निघायचा. त्यांच्या शेवटच्या काही पुस्तकांवरून लोकांत दोन तट आहेत, त्यात मला पडायचं नाही. ‘पर्व’ मी एकदा अर्ध्यात सोडलंय. ‘गृहभंग’ मात्र धरली ती सोडवेना, आणि एकदा तर चक्क एका बाईला “थांबा, हे पान होऊ दे” असं म्हणून गेले.

जुन्या म्हैसूर संस्थानातलं खेडं, शंभर वर्षांपूर्वीचा काळ. चन्निगराय हा गावचा शानभोग, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी. खादाड, आळशी, शिवराळ. आई गंगम्मा त्याच्यावर वरचढ. तिच्या तोंडाला तर लगामच नाही. ह्या घरात नंजम्मा सून म्हणून येते. नवऱ्याला जमाबंदीचे हिशेब लिहिता येत नाहीत, म्हणून ती शिकते. रेघा मारून रकाने पाडते, बेरजा जुळवते, गावाचं दप्तर पुरं करते. वर पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावून विकते. हिशेब लिहायचा हिनं, सही करायची नवऱ्यानं, आणि वर्षाचे पैसे हातात पडले की तो तालुक्याच्या हॉटेलात बसून चापून खाऊन यायचा.

ह्या पानांवर मी फार वेळ थांबले. आमच्या दुकानाचं लायसन ह्यांच्या नावावर आहे आणि आमचे हे काही चन्निगराय नव्हेत, चांगले आहेत, उगीच कुणी गैरसमज करून घेऊ नये. खरं, व्यापारी आला की “मालक कुठायत?” असंच विचारतो. खरेदी मी केलेली, कुठल्या रंगाचा किती माल उरलाय हे मला तोंडपाठ, तरी मालक पाहिजे असतो. भैरप्पांनी हे कुठं ठासून सांगितलेलं नाही. नंजम्मा दिव्याजवळ बसून लिहितेय आणि नवरा घोरतोय, एवढंच दाखवतात. तिला स्वतःची कीव करायला वेळच देत नाहीत. पुढं प्लेग येतो आणि मग जे होतं ते मी सांगणार नाही. दुकानात वाचू नका. मी वाचलं आणि समोर एक नवरी मुलगी शालूवरचं ब्लाउजपीस घ्यायला उभी होती.

त्यातला महादेवय्या मला सगळ्यांत आवडला. जंगम, भिक्षा मागून राहणारा. ज्याचं स्वतःचं काही नाही तोच ह्या घराला धान्य पुरवतो. आमच्याकडं जंगम घरोघरी येतात, त्यामुळं तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहायला वेळ लागला नाही. बाकी तो मुलूख आम्हालाही परकाच. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, गिळायचे असतात, चावायचे नसतात, हे मला पुस्तकाबाहेर एका हासनच्या बाईनं सांगितलं. आम्ही जोंधळ्याची भाकरी खाणारे. कर्नाटकात राहूनसुद्धा तुमकूर-टिपटूर आम्हाला पुण्यापेक्षा लांब.

दोष सांगायचा तर गंगम्मा. इतकी पाताळयंत्री आणि इतकी मूर्ख बाई एकाच अंगात मला पटली नाही. खाष्ट सासवा मी रोज बघते, सुनेच्या ब्लाउजच्या गळ्यावरून दुकानात भांडणाऱ्या. पण त्याच सासू जाताना हळूच सुनेला आवडलेलं कापडसुद्धा बांधायला सांगतात. गंगम्मा कुणाला काही बांधून देत नाही. अख्ख्या पुस्तकात नाही.

कन्नडमधलंच दुसरं, विवेक शानभाग यांचं ‘घाचर घोचर’. २०१३ सालचं. हे मी कन्नडमध्ये वाचलं, असं म्हटलं की लोक बघतात. शाळेत कन्नड होतं, बोलते तर रोजच, पण वाचायचा प्रसंग नोटिसा आणि वीजबिलापुरताच. पुस्तक बारीक होतं म्हणून धाडस केलं. एका बँकेतल्या गिऱ्हाइकानं दिलं होतं आणि अडलेल्या जागा त्यांनाच विचारल्या.

बेंगळूरमधलं एक घर. वडील चहा कंपनीचे विक्रेते, पगार बेताचा. घरभर मुंग्या. वडील रोज रात्री वसुलीचा हिशेब जुळवायला बसतात, तो जुळेपर्यंत सगळं घर श्वास धरून असतं. मग काका मसाल्याचा धंदा काढतात, सोना मसाला, आणि पैसा येतो. पैसा आल्यावर घरात कुणाला काही काम उरत नाही. गोष्ट सांगणारा मुलगा कागदावर कंपनीत मोठा माणूस आहे, पगारही घेतो, आणि दिवसभर कॉफी हाउसमध्ये बसून असतो. म्हणजे बघा, हा माझा नावडता नायकच की! नुसता बसणारा. फरक एवढाच की इथं ताट कुणी वाढलं आणि तांदूळ कुणाच्या पैशाचा, हे पानोपानी लिहिलेलं आहे, आणि त्या तांदळापायी घरातली माणसं काय काय गिळतात तेही. म्हणून हे पुस्तक मला पटलं.

त्यात एक प्रसंग आहे. काकांना भेटायला एक बाई दारात येते, त्यांना आवडणारी मसूरची आमटी डब्यात घेऊन. घरातल्या बायका तिला जे बोलतात, त्या डब्याचं जे होतं, ते वाचून मला एक दिवस मसूर शिजवावा वाटला नाही. पुरुष मंडळी आत गप्प असतात. काका कमावतात, म्हणून काकांना कुणी काही विचारायचं नाही, आणि काकांचं सगळं घरातल्या बायकांनी सावरायचं. कमावत्या माणसाभोवती घर कसं फिरतं हे एवढ्या थोड्या पानांत मी कुठं वाचलं नव्हतं. शेवट मात्र लेखकानं हातचा राखून ठेवलाय. आमच्या जावेला तोच शेवट आवडला. मला वाटलं, सांगायचं होतं तर सांगून मोकळं व्हायचं.

पैशावरून आठवलं. पुण्याला नोकरीला असलेल्या भाच्यानं ‘रिच डॅड पुअर डॅड’चा मराठी अनुवाद आणून दिला. “मावशी, तू धंदा करतीस, तुला उपयोग होईल.” रॉबर्ट कियोसाकीचं हे पुस्तक १९९७ सालचं, जगभर खपलेलं. भाच्याची पिढी हे पोथीसारखं वाचते, तेव्हा मीही नेटानं वाचलं.

सुरुवात मजेशीर आहे. दोन पोरं टूथपेस्टच्या ट्यूबा वितळवून नाणी पाडायला जातात. मग मित्राचा श्रीमंत बाप त्यांना तासाला दहा सेंटवर दुकानात राबवतो, धडा शिकवायचा म्हणून. इथंच माझं त्या बापाशी बिनसलं. दुकानात पोरगी ठेवायची आणि पगार मागितला की “मी तुला धडा शिकवतोय” म्हणायचं, असं आमच्या बाजारात केलं तर दुसऱ्या दिवशी तिची आई दारात येईल. गरीब बाप म्हणजे लेखकाचे सख्खे वडील, शिक्षण खात्यातले, शिकलेले, पगारदार. पुस्तकभर त्यांच्याकडून काय चुकलं ह्याचाच पाढा. मला तेच आवडले.

खिशात पैसे आणते ती मालमत्ता, खिशातून काढते ते देणं, राहतं घरसुद्धा मालमत्ता नव्हे, असा मुख्य मुद्दा. ऐकायला सोपं आहे आणि कर्जावर गाडी घेणाऱ्यांनी दोनदा वाचावं. पण मागच्या वर्षी सगळ्यांनी मागितला म्हणून भरलेला आणि आता कुणी हात न लावणारा वांगी रंग कपाटात पडून आहे, तो कुठल्या रकान्यात घालू? आणि उधारी? त्या सबंध पुस्तकात “पुढच्या बाजारला देतो” म्हणणारं एक गिऱ्हाईक नाही. त्या बाईला कापड नाकारलं तर तिच्या तीन बहिणी तुटतात, दिलं तर पैसे कधी येतील ते तिलाही ठाऊक नसतं. धंदा ह्या दोहोंच्या मधे चालतो. नंजम्माला विचारलं असतं तर तिनं बरोबर रकाना पाडला असता. भाच्याला असं म्हटलं तर तो म्हणाला, “मावशी, तू मनानं गरीब आहेस.” त्याला कुंद्याचा डबा बांधून दिला होता तो घेऊन गेला.

युवाल नोआ हरारींचं माणसाच्या इतिहासावरचं ‘सेपियन्स’ही वाचनालयातून आणलं होतं. माणसानं गहू पाळला नाही, गव्हानं माणसाला पाळलं, हा त्यातला भाग झकास आहे. खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत पावसात वाकलेल्या बायका ज्यांनी बघितल्यात त्यांना हे भाताबद्दलही लगेच पटेल. पुढं मात्र माणसं दिसेनाशी झाली आणि नुसती मानवजात, भांडवल, साम्राज्य असं सुरू झालं. मुदत संपली, परत केलं.

माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’ हे आत्मचरित्र मी तरुणपणी वाचलं होतं, आता पुन्हा वाचलं. कोवाड हे रणजित देसाईंचं गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे जिल्हा कोल्हापूर, पण त्या भागाचा बाजार बेळगावला. त्या बाजूच्या बायका माझ्याकडं येतात. ‘स्वामी’ १९६२ सालची, आमच्या आईच्या पिढीनं त्यातली रमा-माधवाची पानं पाठ केली होती. त्याच लेखकाच्या घरात दुसऱ्या लग्नानं आलेली बाई, भालजी पेंढारकरांची मुलगी, आपली बाजू लिहिते तेव्हा वाचणाऱ्याची पंचाईत होते. मी कुणाची बाजू घेणार नाही, घरातलं घरातल्यांनाच माहीत. मला पुस्तक म्हणून त्यात काय धरून ठेवतं ते सांगते. मोठ्या घरात रोज किती माणसं जेवतात, पाहुण्यांचं कोण बघतं, बाईच्या हातात स्वतःचा असा पैसा असतो की नाही, हे त्यात आहे. ‘स्वामी’त ते नाही. पेशव्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, मोहिमा आहेत, पण शनिवारवाड्यातला कोठीचा हिशेब कोण ठेवतं कळत नाही. भाषा अजूनही सुंदर वाटते, ते नाकारत नाही. काही ठिकाणी अति गोड वाटते.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ ची साहित्य अकादमी मिळालेली. धरणानं उठवलेलं गाव, मागं राहून रानटी झालेलं जनावर आणि त्याला आणायला गेलेला माणूस. भाषा कोल्हापूरकडची, आम्हाला घरची. हिडकलच्या धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि इथले लोक मोबाइल घेऊन बघायला जातात. ते गाव सोडून गेलेल्या माणसांचं पुढं काय झालं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता, तो ह्या कादंबरीनं पाडला. वाचायला सोपी नाही. गिऱ्हाइकांच्या मधे तर अजिबात जमली नाही, शेवटी रात्री घरी वाचली.

बेळगावची असून लंपनवर काहीच नाही का, असं कुणीतरी विचारणारच. २०२४ मध्ये वेबमालिका आल्यापासून तर पोरंसोरंसुद्धा विचारतात. प्रकाश नारायण संतांची ह्या लंपनवरची चारही पुस्तकं, ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’, घरात आहेत. लंपन काही कमवत नाही, आजी-आजोबांच्या जिवावर हुंदडतो, आणि तरीही मला तो चालतो. लहान आहे, म्हणून सूट.

आता काउंटरवर बानू मुश्ताक आहेत. २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं ते दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाला, पण इंग्रजी माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून बँकवाल्या बाईंनी मूळ कन्नड कथा आणून दिल्यात. लेखिका हासनच्या, पेशानं वकील. पहिली वाचली ती मेहरूनची. नवरा दुसरीकडं गुंतलेला, माहेरी जावं तर भाऊ समजूत घालून परत आणून सोडतात. कन्नडमधल्या उर्दू शब्दांनी मला उलट सोपं गेलं, दुकानात रोज कानावर पडतात ते. पुढची गोष्ट काढून ठेवली आहे, पण तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मग दुपारसुद्धा मोकळी मिळत नाही. कुणी ह्या कथा मराठीत वाचल्या असतील तर अनुवाद कसा झालाय तेवढं कळवा. जावेला हव्या आहेत, आणि ती कन्नड वाचत नाही.